बार्शीपलीकडचा परदेश

मला आयुष्यात एकाच माणसानं परदेशी म्हटलं, आणि तेही मी बार्शीहून परंड्याला आले म्हणून. आता बार्शी ते परंडा हे अंतर ते काय! एसटीत एक डुलकी काढावी तोवर परंड्याचा किल्ला दिसायला लागतो. पण मी भाड्याच्या खोलीसाठी त्यांच्या ओसरीवर उभी राहिले आणि गाव सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मला असं न्याहाळलं, की मी उगाच पदर सारखा केला. मग आत तोंड करून बायकोला म्हणाले, "अगं, परदेशचं माणूस आलंय. बसायला पाट दे."

मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. सोबतीला आई होती. वाटलं, डोकं फिरलेला दिसतोय घरमालक, पण खोल्या चांगल्या आहेत, विहिरीला पाणी आहे, भाडं परवडतंय. आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडं बघून अशा हसल्या, की जणू म्हणत होत्या, राहा गं, चावत नाहीत ते. मी राहिले. एक वर्ष म्हणून राहिले ती चांगली आठ-नऊ वर्षं राहिले.

त्यांना गावात सगळे नाकेवाले म्हणत. निजामाच्या अमदानीत बार्शीच्या रस्त्यावर करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे जकात. अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजांचा. अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार. गाडी आली की उतरायचं, बोचकं सोडून दाखवायचं, जकात लागली तर भरायची आणि मगच पुढं जायचं. ह्या नाक्यावर ते मिसरूड फुटायच्या आधी कारकून म्हणून बसले ते पोलिस अॅक्शन होईपर्यंत बसले. पुढं संस्थान विलीन झालं, नाका उठला, हाली सिक्का गेला, आणि उर्दूतला त्यांचा मोत्यासारखा दस्तूर कुणाला वाचता येईना. त्यांना तहसिलीत नकलेच्या टेबलावर बसवलं. तिथं चार दिवस काढून त्यांनी पेन्शन घेतली.

नाका उठला, पण त्यांच्यातला नाका काही उठला नाही. त्यांच्या घरात शिरणाऱ्याला उंबऱ्याशी थांबावं लागे. ते झोपाळ्यावरून विचारत, "काय घेऊन आलात?" माणसानं पिशवी उघडून दाखवायची. मी शाळेतून आले की रोज माझी पिशवी उघडायची, त्यात वह्या, खडू, क्वचित कोथिंबिरीची जुडी. ते वाकून बघत आणि खिशातला खडू काढून पिशवीवर एक फुली मारत. फुली म्हणजे तपासलं, जाऊ द्या. माझ्या एका चांगल्या पिशवीचं त्यांनी पार वाटोळं केलं. मी चिडून काकूंना सांगायला गेले, तर काकू म्हणाल्या, "बाई, माझ्या माहेरचे लुगडी घेऊन आले होते, त्या लुगड्यांवर बी फुली हाय."

परदेशाची त्यांची व्याख्या सरळ होती. जिथं जाताना नाका लागतो आणि जिथं आपलं नाणं चालत नाही, तो परदेश. ह्या हिशेबानं बार्शी परदेश, कुर्डुवाडी परदेश, सोलापूर तर मोठाच परदेश. विलीनीकरणानंतर एका रात्रीत हे सगळे परदेश गेले, आणि त्याची त्यांना फार हळहळ वाटत असे. निजाम गेला ह्याचं त्यांना दुःख नव्हतं, तेवढं सांगते, नाहीतर कुणी भलतंच समजायचं. रझाकारांच्या दिवसांत त्यांनीही पोरीबाळींना घेऊन शेतातल्या वस्तीवर रात्री काढल्या होत्या. त्यांना चुटपूट होती ती वेगळी. आपण एवढी वर्षं दारात बसलो आणि पलीकडं जायचं राहूनच गेलं, असं त्यांना वाटे.

ते जायचं त्यांनी आता ठरवलं होतं. परदेशी जाऊन एक भाषा शिकायची. पन्नाशी उलटलेली, पेन्शन बेताची, पोटात अल्सर. पण ठरलं म्हणजे ठरलं. प्रश्न फक्त एवढाच होता की कुठं.

माझ्याकडं जगाचा नकाशा आहे हे त्यांना कळल्यावर माझ्या दुपारी माझ्या राहिल्या नाहीत. शाळा सकाळची होती. बाराच्या पुढं मी घरी येई, जेवे, जरा आडवी होई तोवर ओसरीवरून खाकरणं ऐकू येई. नकाशा घेऊन बाहेर जायचं. परंड्याचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल. फाल्गुनापासून दुपारी गाव असं निपचित पडे की किल्ल्यावरच्या पारव्यांचं घुमणं घरात बसून ऐकू यावं. त्या शांततेत आम्ही दोघं चटईवर नकाशा पसरून बसायचो. ते बोट ठेवत आणि मी नाव वाचत असे. निळ्या रंगावर त्यांचं बोट फार वेळ रेंगाळे. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. ते विचारत, "बाई, ह्याला आवाज असतो म्हणत्यात, खरं का?" समुद्र मीही कुठं पाहिला होता! पण भूगोलाची बाई मी, ठोकून दिलं की असतो.

लंडन पहिल्यांदाच बाद झालं. बोटीचं भाडं ऐकूनच बाद. शिवाय इंग्रजी इथंच घरोघर शिरलीय, तिच्यासाठी घर कशाला सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. इराणवर ते महिनाभर अडले, कारण फारसी त्यांना पुस्तकी येत होती. पण मग म्हणाले, येणारी भाषा शिकायला गेलो तर मी शिष्य कसला, मी परीक्षा द्यायला गेल्यासारखं होईल. नेपाळ स्वस्त होतं, पण तिथं अक्षर आपलंच. सिलोनला काकूंचा विरोध होता, कारण तिथून कुणी धड परत आल्याचं त्यांनी रामायणात ऐकलं नव्हतं. शेवटी एका दुपारी मी सहज सांगितलं, की मद्रासच्या खाली समुद्राकाठी पाँडिचेरी म्हणून गाव आहे, तिथं अजून फ्रेंचांचं राज्य आहे. ते ताडकन उठून बसले. कुर्डुवाडीवरून मद्रासची गाडी जाते हे त्यांना पाठ होतं. थर्ड क्लासनं जाऊन बोट न लागता परदेश! बार्शीएवढीच जवळ कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीच्या वाटेवर फ्रेंच. त्या दिवशी त्यांनी काकूंकडून शिरा करवला.

मग सराव सुरू झाला. बाजाराच्या दिवशी ते न बोलता बाजार करत. परदेशात गेल्यावर पहिल्यांदा आपल्याला काही बोलता येणार नाही, म्हणून आतापासून सवय. डोक्याला काळी टोपी, अंगात नाक्यावरच्या शेरवानीचा कापून केलेला कोट, आणि तोंडाला कुलूप. हातानं खुणा करत फिरायचे. नारळ पाहिजे म्हणून फोडायची खूण केली, तर लोकांनी त्यांना लोहाराकडं नेऊन उभं केलं. हेडमास्तरांनी नमस्कार केला, तर ह्यांनी अगदी अनोळख्यासारखं बघून मान तुकवली आणि पुढं गेले. हेडमास्तर मला शाळेत विचारतात, तुमचे घरमालक आमच्यावर रागावलेत का? काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "काल रातच्यापर्यंत चांगले बोलत होते हो." पण बाजारातली माणसं हळूहळू त्यात सामील झाली. पेरूवाला बागवान त्यांना मनगटाला धरून टोपलीशी न्यायचा, पेरू हातात ठेवायचा, खाऊन बघा म्हणून खूण करायचा. एकदा घरी येऊन ते मला म्हणाले, "भाषा न आली की माणसं लई जवळ येत्यात बाई. हात धरून दाखवत्यात." त्यांचा चेहरा तेव्हा असा झाला होता, की मला चेष्टा सुचली नाही.

पुस्तक मागवून घरीच का शिकत नाही, असं मी त्यांना एकदाच विचारलं. तेव्हाही दुपारच होती. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांना बार्शीच्या हायस्कुलात जायचं होतं. बापानं ट्रंकसुद्धा आणली होती. पण तिथली फी कलदार, राहणं-खाणं कलदार, आणि बापाची मिळकत हाली. हाली रुपया नाका ओलांडला की अंगानं कमी भरायचा. बापानं आकडेमोड केली आणि पोराचं अक्षर चांगलं म्हणून त्याला नाक्यावर चिकटवून दिलं. "मग तीस वर्षं मी काय केलं सांगू का? जूनमधी लोकांची पोरं शिकायला निघायची. बार्शीला, सोलापूरला, पुण्याला. मी त्यांच्या ट्रंका उघडायचा. आत पुस्तकं, सदरे, आईनं दिलेले लाडू. बघायचं, झाकण लावायचं, खडूची फुली मारायची. जा म्हणायचं." एवढं सांगून त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. "मला एकदा माझी ट्रंक घेऊन पलीकडं जायचंय."

त्यानंतर मी खाकरण्याची वाट न बघता नकाशा बाहेर नेऊ लागले.

आणि काय सांगू, मलाही त्याचं वेड लागलं. पोरींच्या वह्या तपासता तपासता माझ्या डोळ्यांपुढं पाँडिचेरी यायची. आम्ही ती दोघांनी मिळून रचली होती. समुद्राकाठी शाळा. तिथं ते शेवटच्या बाकावर बसणार, कारण वयानं मोठं माणूस पुढं बसलं तर पोरांना फळा दिसणार नाही. दुपारी नारळाच्या सावलीत भात खायचा. संध्याकाळी मास्तरांनी विचारायचं आणि ह्यांनी उत्तर द्यायचं. काय विचारायचं, काय उत्तर द्यायचं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण उत्तर बरोबर येणार ह्यात शंका नव्हती. काकू जात्यावरून ओरडायच्या, "तिथं पथ्याचं कोण करून घालणार, ते बी ठरवा." ते ठरायचं बाकी होतं. ट्रंकेला मात्र हिरवा रंग देऊन झाला होता.

त्या वर्षी दिवाळी सरता सरता बातमी आली की फ्रेंचांनी पाँडिचेरी सोडली आणि ती आपल्यात आली. मी पेपर घेऊन ओसरीवर गेले. त्यांनी तो वाचला, नीट घडी केली आणि म्हणाले, "चांगलं झालं. लोक सुटले." मग दोन दिवस ते कुणाची पिशवी बघायला उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीचं पाणी काढतेय तोवर ओसरीवरून खाकरणं. गोवा! गोवा अजून पोर्तुगिजांकडं आहे ना? म्हणजे भाषा बदलली, परदेश तोच. आणि पाँडिचेरीहून जवळ. मला हसू आलं, पण मनातून जीव भांड्यात पडला. हा माणूस झोपाळ्यावर गप्प बसलेला बघवत नव्हता.

पण गोव्याच्या बाबतीत वेळ वाईट होती. पुढच्याच वर्षी जिकडंतिकडं सत्याग्रह सुरू झाला. आमच्याकडूनही काही तरुण निघाले. अशा दिवसांत ह्यांनी पोर्तुगीज शिकायला गोव्याला जायची इजाजत मागणारा अर्ज तहसिलीत नेऊन दिला. दुसरं कोण असं करेल? संध्याकाळच्या आत गावभर झालं. आधीच निजामाच्या नोकरीतला माणूस, त्यात हे. शाळेतले एक तरुण ड्रिल मास्तर आठ-दहा जणांना घेऊन जाब विचारायला दारात आले. आई घाबरून देवापुढं बसली. काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

ह्यांनी झोपाळ्यावरून विचारलं, "काय घेऊन आलात?"

सत्याग्रहाला निघायच्या तयारीतली पोरं ती, खांद्याला झोळ्या होत्या. आणि सवयीला काय म्हणावं, पुढच्या दोघांनी झोळ्या उघडून दाखवल्या! लहानपणी बापाबरोबर नाक्यावरून गेलेलीच की सगळी. ड्रिल मास्तर मात्र बाहेरगावचे. ते कडाडले, आम्ही गोवा सोडवायला प्राण द्यायला निघालोय आणि तुम्ही त्यांची भाषा शिकायला? लाज वाटत नाही? ह्यांनी त्यांना बसायला सांगितलं. मग फार अजिजीनं म्हणाले, "सोडवा की. सोडवायलाच पाहिजे. पण मास्तर, आधी माझं दोन वर्षांचं शिक्षण होऊ द्या. मग सोडवा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. ड्रिल मास्तर पाय आपटत गेले. पोरांच्या झोळ्यांवर ह्यांनी फुल्या मारल्या आणि काकूंनी त्यांना वाटेसाठी धपाटे बांधून दिले. सत्याग्रहींवर गोळीबार झाल्याची बातमी आली तेव्हापासून ती पोरं परत येईपर्यंत हा माणूस रोज एसटी स्टँडवर जाऊन बसत असे. सगळी सुखरूप आली. अर्जाला उत्तर कधीच आलं नाही. गोव्याची वाट बंद झाली ती झालीच.

मग नुसती वर्षं गेली. त्यांचे केस पांढरे झाले, माझी आई गेली, नकाशा घड्यांवर फाटला. दुपारी आम्ही बसायचोच. परवानगी मिळत नव्हती तरी ठरवणं चालू होतं, कारण ठरवायला काही खर्च येत नाही. पण त्यांचं बोट आता समुद्रावर थांबेनासं झालं होतं. पोटाचं दुखणं वाढलं होतं, आणि काकूंनी मला एकदा विहिरीपाशी गाठून विचारलं, की हे जाण्याआधी जातील का हो? मला त्या प्रश्नाचा अर्थ कळायला क्षणभर लागला.

गोवा मुक्त झाला त्या दिवशी शाळेच्या रेडिओभोवती सगळं गाव लोटलं होतं. पेढे वाटले. मीही खाल्ले, आनंदच होता. पण घराकडं येताना मी लांबची वाट धरली. ते ओसरीवर बसले होते. त्यांना कळलं होतं. मला बघून म्हणाले, "संपला बाई परदेश. आता परवडणारा एक बी राहिला न्हाय."

मी तिथंच पायरीवर बसले. तेवढ्यात आतून काकू आल्या. ह्या बाईनं इतक्या वर्षांत ह्या विषयावर टोमण्याशिवाय काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुमाला पलीकडं जायचं होतं का नाक्यावर उभं राहायचं होतं? आता अडवणारं कुणी न्हाय, तर तुमचं पाऊल का अडलंय?" मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "निजामाचं राज्य गेलं तवा फारसीचे उस्ताद पायलीभर जोंधळ्यावर शिकवायला तयार झाले होते, आठवतंय का? तिथले मास्तर बी आता रिकामेच बसले असतील. त्यांच्या शाळा बंद पडणार. फी कमी घेतील. आत्ताच जावा."

भाषा कुठं शिकावी ह्यावर आम्ही दोघांनी नऊ वर्षं खल केला, आणि निर्णय असा झाला. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं.

उन्हाळ्यात ते गोव्याला गेले. हिरवी ट्रंक, पथ्याचं पीठ, काकूंचे शेंगदाण्याचे लाडू. कुर्डुवाडीपर्यंत मी पोचवायला गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. दोन्ही हात ट्रंकेवर ठेवून समोर बघत होते. पुढं जूनमध्ये माझी बदली कळंबला झाली आणि परंडा सुटलं. मडगावला आहेत, ठीक आहेत, एवढंच काकूंच्या निरोपातून कळायचं.

थंडी सुरू झाली होती तेव्हा ते कळंबला आले. मी शाळेतून येऊन बघते तर दारात उभे. वाळले होते, पण रंग उजळला होता. उंबऱ्याबाहेरच थांबले होते. मी या म्हटल्यावर आत आले आणि खुर्चीवर अगदी कडेला बसले, वर्गात बसतात तसे. मी विचारत गेले, ते सांगत गेले. समुद्राला आवाज असतो, बाई, तुमचं खरं होतं. काकूंचंही खरं निघालं होतं. एका म्हाताऱ्या ख्रिस्ती मास्तरांची शाळा बंद पडली होती. ते बहिणीबरोबर राहत होते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, आता ही भाषा शिकून तुम्हाला काय मिळणार? हे म्हणाले, मला उर्दू येते, मला हे विचारू नका. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. फी घेतली नाही. संध्याकाळी फिरायला सोबत यायचं, एवढंच ठरलं. शेवटच्या बाकाचा प्रश्नच आला नाही, कारण बाक एकच होता आणि विद्यार्थीही एकच.

मी म्हटलं, बोलून दाखवा की काहीतरी.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि बोलले. चार-पाच वाक्यं असतील. सावकाश, एकेक शब्द जपून ठेवत. मला अक्षर कळलं नाही, पण त्यांचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता. ते थांबले तेव्हा बाहेर अडतीवर पोती उतरवणाऱ्या हमालांचा गलका ऐकू आला.

"हे काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं, की निघायच्या आधी मास्तरांनी परीक्षा घेतली. आपल्या गावाविषयी तोंडी बोला म्हणाले. हे बोलले. ऐकून मास्तर उठले आणि आत गेले. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आले, बहिणीला हाक मारली, आणि ह्यांना म्हणाले, परत एकदा म्हणा, हिला ऐकू द्या. मग म्हणाले, ह्यात एकही चूक नाही.

"पण म्हणालात काय तुम्ही?"

ते खाली बघून टोपीची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गावाला एक दार होतं. मी दारात बसत होतो. सगळे पुढं गेले. मग दारच राहिलं न्हाय. तवा मी निघालो."

मला हुंदका आवरला नाही. वर्गात पोरगी रडली तर डोळे वटारून गप्प करणारी बाई मी, आणि पाहुण्यासमोर पदर तोंडाला लावून बसले. जरा वेळानं त्यांना म्हटलं, आता पुन्हा मास्तरांच्या भाषेत सांगा. त्यांनी सांगितलं.